पतीच्या सहीचा रकाना

सोमवारी सकाळी छापखान्यात पहिला हात थोरलीचा लागतो. मशीन सुरू व्हायच्या आधी ती बाइंडिंगच्या टेबलावर ओलं फडकं फिरवते, डिंकाच्या डब्यावर धरलेली साय काढून टाकते आणि शनिवारी छापून ठेवलेले कागद पुढ्यात ओढते. शंभर कागद वेगळे करायला तिला आकडे म्हणावे लागत नाहीत. गठ्ठ्याची कड अंगठ्याने वाकवून सोडली की पाच-पाच कागद बोटांतून सुटत जातात आणि शंभर झाले की हात आपोआप थांबतो. मग खाली पुठ्ठा, वरच्या कडेला डिंकाचा हात, वर लोखंडी वजन, आणि पॅड तयार. नऊ वर्षं ती हेच करत आली आहे.

त्या सोमवारी पुढ्यात रुग्णालयाचे फॉर्म होते. वर ठळक अक्षरात 'गर्भपातासाठी संमतिपत्र'. खाली नाव, वय, पत्ता, किती आठवडे. त्याखाली रुग्णाची सही, साक्षीदाराची सही आणि अगदी तळाशी, जरा वेगळ्या वळणाच्या अक्षरात, पतीची सही. दरवर्षी दोन वेळा हे काम यायचं. थोरलीच्या हातून असे हजारो कागद गेले असतील. तिने त्यातला एकही वाचला नव्हता. हातातून दिवसभर कागद जाणाऱ्या माणसाला कागद जाड की पातळ एवढंच दिसतं, मजकूर दिसत नाही. ही तिची चूक होती असं मी म्हणत नाही. ती स्वतः मात्र पुढे म्हणणार होती.

थोरलीने लग्न केलं नव्हतं. आईवडील एका वर्षाच्या अंतराने गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि धाकटी बहीण नऊ वर्षांची. घरात सगळे तिला बारकी म्हणायचे, तेच नाव राहिलं. बारकीची शाळा, बारकीचे दात, बारकीचं लग्न, सगळं थोरलीने केलं. आता बारकी एकतीस वर्षांची होती, तिला सात आणि चार वर्षांच्या दोन मुली होत्या, आणि ती दोन गल्ल्या पलीकडे कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर बसायची. दुपारचा डबा दोघी छापखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर खायच्या.

त्या दिवशी बारकी आली ती पायऱ्या चढायच्या आधीच खाली बसली. तीन पायऱ्या होत्या, फक्त तीन.

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

"काही नाही. दम लागला."

"गोळी घेतलीस का?"

"घेतली." बारकीने डबा उघडला आणि तसाच मांडीवर धरून ठेवला. "ताई, ह्या महिन्यातही आली नाही."

थोरलीचा घास हातातच राहिला. "किती दिवस झाले?"

"नऊ आठवडे होतील."

"आणि मला आज सांगतेस?"

"तुला सांगितलं की खरं होतं ना, म्हणून."

धाकट्या मुलीच्या वेळी बारकी मरता मरता वाचली होती. हृदयाची एक झडप लहानपणच्या तापाने अरुंद झाली आहे, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. डॉक्टरबाईंनी दोघी बहिणींना आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं की आता मूल नको, तिसरं बाळंतपण हे हृदय काढणार नाही. ते लिहिलेला कागद बारकीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. नवऱ्याला ऑपरेशन करून घ्या म्हटलं तर तो हसला होता. बारकीने बसवून घेतलेलं साधन रक्तस्राव फार होतो म्हणून काढावं लागलं होतं. मग उरला नवऱ्याचा शब्द. तो मालट्रक चालवायचा, महिन्यातून चार-पाच दिवस घरी असायचा, आणि त्या चार-पाच दिवसांत त्याचा शब्द असा होता की काही होत नाही गं.

दुसऱ्या दिवशी दोघी रुग्णालयात गेल्या. डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावली, मान हलवली आणि म्हणाल्या, "हे ठेवायचं नाही. ह्याच आठवड्यात मोकळं करू. सात नंबरच्या खिडकीवर फॉर्म भरा आणि परवा पोटात काही न घेता या." इतकं सोपं होतं. थोरलीला जिन्यावरून उतरताना हसूसुद्धा आलं, की आपण रात्रभर उगाच जागलो.

सात नंबरच्या खिडकीतला कारकून वाईट माणूस नव्हता. बारकीला उभं राहवत नाही हे पाहून त्याने स्वतःहून शिपायाकडून खुर्ची मागवली. पॅडवरचा कागद फाडून दिला. बारकीने सही केली, थोरलीने साक्षीदार म्हणून केली. कारकुनाने बोट कागदावरून खाली आणलं आणि तळाशी थांबवलं.

"ह्यांची सही?"

"ते गाडीवर गेलेत. पंधरा दिवसांनी येतील."

"मग पंधरा दिवसांनी या."

"अहो, डॉक्टरबाई म्हणाल्या ह्याच आठवड्यात."

"डॉक्टरबाईंचं काम तपासायचं," कारकून म्हणाला. "माझं काम रकाने बघायचं. हा रकाना रिकामा आहे."

"मी तिची सख्खी बहीण आहे. मी करते की सही."

"साक्षीदारात केलीत ना? तिथं कुणीही चालतं. पतीच्या रकान्यात पतीच लागतो, बाई. उद्या तो येऊन माझ्या नावाने बोंब मारेल, मग माझ्या मागे कोण उभं राहणार?"

त्यांच्या मागे एक वीस-बावीस वर्षांची मुलगी रांगेत होती. हातात डॉक्टरबाईंची चिठ्ठी. 'पतीच लागतो' हे ऐकलं तशी तिने चिठ्ठीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि रांगेतून निघून गेली. तिला पती नव्हता. ती कुठे गेली, कुणाच्या हाताखाली गेली आणि जगली की नाही, हे मला माहीत नाही. सात नंबरच्या खिडकीलाही माहीत नाही, कारण न भरलेल्या फॉर्मची नोंद कुणी ठेवत नाही.

पंधरा दिवसांचे एकोणीस झाले. नवरा आला तेव्हा थोरली छापखान्यातून थेट बारकीच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर. बारकीची सासू खिडकीपाशी बसून भाजी निवडत होती, नवरा जेवत होता, मुली भिंतीला टेकून गृहपाठ करत होत्या. थोरलीने फॉर्म त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"भावोजी, एवढी सही करा."

त्याने फॉर्म वाचला. हात धुऊन आला, पुन्हा वाचला. "ताई, मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "तिची तब्येत मला दिसतेय. तुम्हा दोघींना काय करायचं ते करा, मी मध्ये येणार नाही. पण सही माझ्या हाताने नको."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या हाताने नको. उद्या काही पाप लागलं तर कागदावर माझं नाव."

"आणि तिला काही झालं तर?"

"तसं कुणी लिहून घेत नाही ना माझ्याकडून," तो म्हणाला. आणि हे तो खरोखर साधेपणाने म्हणाला. थोरलीला त्याला धरून हलवावंसं वाटलं. मुली बघत होत्या, म्हणून तिने हात आवरला.

सासूने भाजीची परात बाजूला सारली. "तुम्ही मला वाईट समजाल," ती म्हणाली. "समजा. माझी दोन पोटातच गेली, एक पाचव्यात, एक सातव्यात. मी त्यांची नावं ठेवली होती. अजून त्या तारखांना मला झोप लागत नाही. तेव्हा तो नुसता गोळा असतो, हे मला कुणी शिकवू नका."

"मी नाही शिकवत, आई," थोरली म्हणाली. "तुमचं दुःख खरं आहे. पण ही जिवंत आहे. हिचं नाव ठेवून झालंय, एकतीस वर्षं झाली."

"देवाच्या मनात असलं तर दोन्ही जगतील."

बारकी मधल्या दारात उभी होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. "आई, मला जगायचंय," ती म्हणाली. "मला ह्या दोघींना मोठं करायचंय. एवढंच आहे माझं."  सासूने परात परत पुढे ओढली आणि भाजी निवडू लागली, पण पानं कचऱ्याच्या टोपलीत आणि देठ परातीत पडत होते. नवरा म्हणाला, विचार करतो. विचार करता करता चौथ्या दिवशी तो गाडीवर निघून गेला.

घोंगडं भिजत पडलं ते असं. कुणी कुणाला अडवलं नव्हतं. डॉक्टरबाई तयार होत्या, नवरा मध्ये येत नव्हता, कारकुनाने खुर्ची दिली होती. प्रत्येकाने आपापले हात स्वच्छ ठेवले, आणि बारकीचे आठवडे वाढत गेले. तेरा, चौदा, पंधरा. थोरली बहिणीला घेऊन खासगी दवाखान्यांतही फिरली. हृदयाचा कागद बघितला की तिथले डॉक्टर म्हणायचे, हिला भूल द्यायची म्हणजे मोठं रुग्णालयच हवं. मोठ्या रुग्णालयात सात नंबरची खिडकी होती. थोरलीने एकदा नवऱ्याची सही स्वतः ठोकायचंही ठरवलं. बारकी म्हणाली, "नको ताई. पकडलीस तर तुझी नोकरी जाईल, आणि मग माझ्या मुलींना कोण बघणार?" मुलींना बघायची गोष्ट ती आतापासूनच करत होती.

सोळाव्या आठवड्यात छापखान्यात एका परिसंवादाची पत्रकं छापायला आली. 'जीव कुणाचा, निर्णय कुणाचा?' असा विषय होता. वक्ते तीन: एक नामांकित वकील, एक नीतिविचार मंडळाचे अध्यक्ष, आणि रुग्णालयातल्या त्याच डॉक्टरबाई. ह्या वेळी थोरलीने पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं. संध्याकाळी गठ्ठा पोचवायला ती सभागृहात गेली आणि शेवटच्या रांगेत बसून राहिली.

सभा रंगली म्हणतात तशी रंगली. अध्यक्षांनी सांगितलं की जीव हा गर्भधारणेच्या क्षणापासून जीव असतो आणि जो समाज सर्वांत दुबळ्याला वाचवत नाही तो समाज नव्हे. त्यांचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता. वकिलांनी सांगितलं की शरीर बाईचं, जोखीम बाईची, म्हणून निर्णयही तिचा, आणि आपल्या कायद्याने हे केव्हाच मान्य केलं आहे. डॉक्टरबाईंनी आकडे दिले, चोरून केलेल्या गर्भपातात किती बाया मरतात त्याचे. टाळ्या तिघांनाही पडल्या. मग प्रश्न विचारा म्हणाले. एका प्राध्यापकांनी प्रश्न म्हणून लहानसं भाषण केलं. त्यानंतर थोरली उभी राहिली. तिच्या बोटांना अजून डिंक होता.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली. "फॉर्मवर नवऱ्याची सही लागते, ती कुठल्या कायद्याने?"

वकील हसले. "कुठल्याच नाही. बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याचा काही संबंध नाही. तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय."

"रुग्णालयाच्या फॉर्मवर तसा रकाना आहे. ह्या डॉक्टरबाईंच्याच."

सगळ्यांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती एक पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "मी आले तेव्हापासून आहे. नंतर घरच्यांची भांडणं नकोत म्हणून असेल. कायदेशीर मुद्दा बरोबर आहे तुमचा."

"तुमचा नाही, माझ्या बहिणीचा आहे," थोरली म्हणाली. "सोळावा आठवडा लागलाय. तुम्ही तिला तपासलंय. तुम्ही म्हणाला होतात, ह्याच आठवड्यात."

सभागृहात कुजबुज झाली. नीतिविचारवाले अध्यक्ष मायेने म्हणाले की अशा प्रसंगी कुटुंबाने एकत्र बसून बोलावं. वकिलांनी आपलं कार्ड दिलं, अर्ज करा, मी बघतो म्हणाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्या मला भेटा. मग आभार मानले गेले आणि चहा झाला. बाहेर पडणारे लोक म्हणत होते की चर्चा फार उद्बोधक झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी खरंच अधीक्षकांकडे चिठ्ठी पाठवली. अधीक्षक म्हणाले, रकाना आहे म्हणजे त्यामागे काही आदेश असणार, आदेश शोधा. आदेश शोधायला पाच आठवडे गेले. तो सापडला नाही. नाही सापडला म्हणजे नाहीच, असं कुणी म्हणेना. मधल्या काळात बारकीचा विसावा आठवडा उलटला आणि कायद्याची मुदत संपली. जो कायदा इतके दिवस बारकीच्या बाजूने होता आणि तिला भेटला नव्हता, तो आता दारात येऊन उभा राहिला. मुदतीनंतर तीन डॉक्टरांचं मंडळ लागतं. मंडळ महिन्यातून एकदा बसतं. त्या महिन्यात तिसरे डॉक्टर रजेवर होते.

वाचकहो, ह्यात खलनायक शोधू नका, मी फार शोधला. प्रत्येकजण म्हणत होता, माझ्या हातात काही नाही. इतक्या माणसांच्या हातात काही नसताना एक बाई कशी मारली जाते, ते मात्र मी ह्या डोळ्यांनी पाहिलं.

सव्विसाव्या आठवड्यात, एका गुरुवारी भर दुपारी, बारकी काज-बटणाच्या मशीनवरच पुढे वाकली. तिच्या ओठांचा रंग गेला होता. कारखान्यातल्या बाया तिला रिक्षात घालून रुग्णालयात घेऊन गेल्या. थोरली पोचली तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या होत्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. बाळ आधी गेलं, मग बारकी. ज्याच्यासाठी सगळे इतके हळवे झाले होते ते बाळसुद्धा कुणाला वाचवता आलं नाही.

नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मृतदेह ताब्यात घ्यायचा फॉर्म सात नंबरच्या शेजारच्या खिडकीवर मिळतो. त्याच्यावर पतीची सही लागते. त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि सही केली.  थोरली बाजूला उभी राहून ते अक्षर बघत होती. चांगलं वळणदार अक्षर होतं त्याचं.

घरी दोन्ही मुली सासूला चिकटून बसल्या होत्या. म्हातारीने थोरलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी दोन होती. आता चार झाली." एवढं बोलून तिने पदर तोंडावर घेतला. थोरलीला तिचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम.

अडीच महिन्यांनी छापखान्यात रुग्णालयाचं पत्र आलं. संमतिपत्राची वीस पॅडं हवीत, मागल्याप्रमाणे. कागद छापून टेबलावर आले. थोरलीने अंगठ्याने कड वाकवली, सोडली, आणि पहिल्यांदाच तिचा हात चुकला. तिने वरचा कागद उचलून वाचला. मग दुसरा वाचला, जणू दुसऱ्यावर काही वेगळं असेल. पतीची सही. तळाशी, वेगळ्या वळणाच्या अक्षरात.

अक्षर वेगळं का?

नऊ वर्षं तिच्या डोळ्यांखालून ते वेगळेपण गेलं होतं. ती मागच्या खोलीत गेली. छापखान्यात प्रत्येक कामाचं एक पाकीट असतं. त्यात गिऱ्हाइकाने लिहून दिलेला मूळ मजकूर आणि तपासलेलं प्रूफ ठेवतात. रुग्णालयाचं पाकीट सगळ्यात खाली होतं, अकरा वर्षांपूर्वीचं. मूळ मजकूर निळ्या शाईत, त्या वेळच्या अधीक्षकांच्या हातचा. नाव, वय, पत्ता, आठवडे. रुग्णाची सही. साक्षीदाराची सही. त्याखाली एक आडवी रेघ आणि अधीक्षकांचा शिक्का. पतीचा शब्दसुद्धा नव्हता.

तिने तो कागद खिळेकाकांपुढे ठेवला. छापखान्यातले हे सगळ्यात जुने. शिशाचे खिळे जुळवायचं काम गेलं तरी नाव राहिलं, आता ते प्लेट बनवायचे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग प्रूफ बघितलं, आणि हळूच स्टुलावर बसले.

"घाई होती तेव्हा," ते म्हणाले. "त्याच रुग्णालयाचा दुसरा एक फॉर्म आपल्याकडे होता, मूल बंद करायच्या ऑपरेशनचा. त्याच्यावर नवऱ्याची सही घ्यायचे त्या काळी. वेळ वाचावा म्हणून मी त्याचा खालचा भाग तसाच उचलून ह्याला जोडला. म्हटलं, जास्तीचं काही असलं तर प्रूफात काढतील."

"नाही काढलं कुणी."

"नाही काढलं. मीही विसरलो." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या बहिणीचं कळलं तेव्हाही मला आठवलं नाही गं. शपथ घेतो. मला वाटायचं, नियमच असेल."

प्रूफाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'पाहिले. बरोबर आहे.' खाली सही. ती सही थोरली चांगली ओळखत होती. पॅडं पोचल्याच्या प्रत्येक पावतीवर ती असायची. सात नंबरच्या खिडकीची.

म्हणजे आदेश नव्हताच. कायदा नव्हता, धर्म नव्हता, वैद्यक नव्हतं. एका घाईच्या दिवशी चुकून राहिलेली ओळ होती, आणि अकरा वर्षं शेकडो बाया त्या ओळीपाशी अडून परत गेल्या होत्या. ती कुणाला खटकलीही नाही, कारण बाईच्या कागदाखाली पुरुषाची सही असणं सगळ्यांना इतकं स्वाभाविक वाटतं. पुरुषाच्या फॉर्मवर चुकून 'पत्नीची सही' छापलं असतं, तर आठ दिवसांत मोर्चा आला असता. आणि त्या ओळीची पॅडं थोरलीने स्वतःच्या हाताने बांधली होती. ज्या पॅडावरचा कागद बारकीला फाडून दिला, त्याचा डिंकही तिनेच लावला होता. ती मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "वाईट झालं. पण आपण छापणारे. गिऱ्हाईक म्हणालं मागल्याप्रमाणे, तर मागल्याप्रमाणे. बदल हवा तर रुग्णालयाकडून लेखी आणा." एवढं सांगून ते जेवायला गेले.

लेखी आणा. हे शब्द थोरलीने चार महिने ऐकले होते. तिने वीस पॅडांच्या त्या सुट्या कागदांकडे पाहिलं, मग खोलीच्या कोपऱ्यातल्या कटिंग मशीनकडे. पतीच्या सहीचा रकाना अगदी तळाशी होता. बरोबर एक इंच.

तिने पहिला गठ्ठा पात्याखाली सरकवला, मागचा ठोकळा मोजून बसवला. चाक जड असतं, एकटीने फिरत नाही. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने खिळेकाकांनी चाकाला हात घातला.

"तुमचं नाव घेणार नाही मी," ती म्हणाली.

"घे," ते म्हणाले. "नाव न घेऊनच तर हे झालं."

पातं खाली आलं. एक इंचाच्या पट्ट्या टोपलीत पडत गेल्या, पतीची सही, पतीची सही, पतीची सही. वीस पॅडांचे कागद कापून झाले तेव्हा टोपली काठोकाठ भरली होती.

पॅडं बांधून झाल्यावर पार्सल घेऊन ती स्वतःच रुग्णालयात गेली. कारकुनाने तिला ओळखलं आणि नजर पावतीवर ठेवली. जुनं पॅड संपतच आलं होतं, त्याने नवं उघडलं. खिडकीशी पस्तिशीची एक बाई उभी होती, खांद्याला शाळेच्या वह्यांची पिशवी, हातात डॉक्टरबाईंची चिठ्ठी. तिने फॉर्म भरला, सही केली. कारकुनाने सवयीने बोट वरून खाली आणलं. नाव, वय, पत्ता, आठवडे, रुग्ण, साक्षीदार. बोट आणखी खाली गेलं आणि टेबलाच्या लाकडाला लागलं.

"फॉर्म आखूड झालाय," तो म्हणाला.

थोरलीने निळ्या शाईचा कागद आणि ते प्रूफ खिडकीतून आत सरकवलं. "मूळ एवढाच होता. बघा. आणि हे प्रूफ. ह्याच्यावर सही तुमची आहे."

त्याने वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वरून लेखी आल्याशिवाय…"

"नवऱ्याची सही मागा, असं वरून लेखी आलं होतं का कधी? दाखवा मला."

 रांगेतल्या बाया पुढे वाकून ऐकत होत्या. कारकुनाने वह्यांच्या पिशवीवाल्या मास्तरीणबाईंकडे पाहिलं, "तुमचे मिस्टर" इतकं म्हणाला, आणि पुन्हा कागदाच्या तळाकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. रकाना होता म्हणून तो अकरा वर्षं विचारत आला होता. आज रकाना नव्हता आणि विचारायचं कसं हे त्याला सुचेना. त्याने शिक्का उचलला आणि मारला. "परवा सकाळी या," तो म्हणाला. "पोटात काही न घेता."

सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

थोरलीला वाटलं होतं की आज तिला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. एवढंसंच काम होतं, आणि त्याच्यासाठी माझी बहीण गेली, ह्या विचाराने तिचं अंग पेटून उठलं होतं. राग गिळायला ती पाणी प्यायली नाही. तिने तो तसाच जवळ ठेवला.

मग ती शेजारी आठ नंबरच्या खिडकीकडे गेली. तिथे दुसऱ्या रंगाची पॅडं होती, कुठल्याशा दुसऱ्या छापखान्यातून आलेली, आणि समोर बायांची मोठी रांग होती. ती सगळ्यांच्या मागे उभी राहिली. नंबर आला तेव्हा आतल्या बाईने विचारलं, "पेशंट कोण?"

"कुणी नाही," थोरली म्हणाली. "मला एक कोरा फॉर्म द्या. खाली काय काय मागितलंय ते वाचायचंय."